कॉम्प्युटर सुरू होत नाही तेव्हा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून आठवेल तसे लिहून दिले आहे.)



लोणची, पापड, फार तर गौरीची आरास, एवढ्यापैकी कशावर तरी मला बोलायला सांगतील असे वाटले होते. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरवर बोलायचे." मी म्हटले, "अहो, माझी मजल सातवीपर्यंतची. ते काम इंजिनियर लोकांचे." तर त्या म्हणाल्या, "इंजिनियर बोलले तर आम्हांला कळणार नाही, म्हणूनच तुम्ही." आता ह्याच्यावर काय उत्तर देणार? तेव्हा जे हाताने केले आहे तेवढेच सांगते. चुकले तर माझ्याहून जाणत्या मुली इथे बसल्या आहेत, त्यांनी सावरून घ्यावे.

आधी एक विचारते. सकाळी शेगडी पेटली नाही तर आपण ती उचलून भंगारवाल्याला देतो का? नाही. आधी सिलिंडर संपला का ते बघतो. मग रेग्युलेटर नीट बसला आहे का, नळी कुठे दुमडली आहे का, बर्नरच्या भोकांत काल उतू गेलेले दूध बसले आहे का. इतके सगळे करून झाल्यावर मग माणसाला बोलावतो. कॉम्प्युटर बंद पडला की मात्र आपले हातपाय गळतात. कोणी बटण दहा वेळा दाबते, कोणी वरून थापट्या मारते, आणि मग रिक्षात घालून दुकानात. मीही तेच केले होते. ती हकिकत आधी सांगते.

आमच्या सासूबाई २०१९ साली गेल्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते घरातून केव्हाच गेले होते, पण दुपारी निवडायला बसल्या की त्या आपल्याशीच म्हणत. माझ्या मुलाला एकदा सुचले आणि त्याने सुटीत त्या मोबाइलवर भरून घेतल्या. एकेचाळीस झाल्या. पुढे तो मोबाइल पाण्यात पडून गेला, पण त्याआधी मुलाने सगळे घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. म्हणजे सासूबाईंचा आवाज त्या एका पेटीत होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. हे कळूनही आम्ही कोणी काही केले नाही. रोज करू करू म्हणत राहिलो.

२०२५ च्या आषाढात चार दिवस पावसाने झोडपले. आपल्या चिपळुणात ते दिवस कसे असतात ते तुम्हांला सांगायला नको. मीठ पाझरते, आगपेटी पेटत नाही, कपाटातल्या साड्यांना वास येतो. वीज जायची आणि यायची. पाचव्या दिवशी ह्यांना काही कागद छापायचा होता. बटण दाबले, आतला पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. आणि आतून पीं, पीं, पीं असा आवाज. ह्यांनी तीनदा दाबून पाहिले आणि दुकानात नेऊन दिले.

दोन दिवसांनी मी विचारायला गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, मदरबोर्ड गेला. दुरुस्तीत पैसे घालू नका. आणि तुमची विंडोज दहा आहे, तीही ऑक्टोबरात बंद होणार. नवीन घ्या. हा जुना आम्ही दोन हजारांना घेतो." मी विचारले, "आतल्या वस्तू?" तो म्हणाला, "कसल्या वस्तू?" मी म्हटले, "आवाज आहेत." त्याने माझ्याकडे असे पाहिले की मला लाज वाटली. म्हणाला, "ते आता गेले समजा."

भगिनींनो, खोटे कशाला सांगू, मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. मग उठले, पेटी मागून घेतली, रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले आणि पुण्याला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, पंखा फिरतो ना? आवाज करतो ना? मग तो मेलेला नाही, तो तक्रार करतो आहे. मोबाइल समोर ठेव, मी सांगतो तसे कर." पुढचे दोन तास मी त्या पेटीसमोर मांडी घालून बसले होते. तिथे जे शिकले ते, आणि नंतर शेजारीपाजारी जे पाहिले ते, असे मिळून सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे 'सुरू होत नाही' एवढेच म्हणून भागत नाही. मुलाला ताप आहे एवढे सांगून डॉक्टरांचे भागते का? कधीपासून, थंडी वाजते का, पोट दुखते का, हे ते विचारतातच. तसे इथेही बघावे. एकही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, हा एक प्रकार. पंखा फिरतो पण पडदा काळा, हा दुसरा. पडद्यावर इंग्रजी अक्षरे येऊन अडते, हा तिसरा. आणि विंडोजचे चिन्ह येते, ठिपके गोल गोल फिरतात पण घर काही उघडत नाही, हा चौथा. प्रत्येकाचे औषध निराळे.

काहीच हलत नसेल तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो. भिंतीतल्या त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबलावरचा दिवा लावून पाहा. तो लागला तर सॉकेट ठीक. मग मधला यूपीएस बघा. ह्या यूपीएसची बॅटरी दोन-चार वर्षांत थकते, आणि थकलेला यूपीएस पीठ मळून दमलेल्या बाईसारखा असतो. हलके काम करील, पण कॉम्प्युटरने एकदम ओढ घेतली की बसतो. अशा वेळी त्याला बाजूला ठेवून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावून पाहावे. आमच्या गल्लीत एका घरी नवा कॉम्प्युटर घ्यायचे ठरले होते, आणि दोष निघाला यूपीएसच्या बॅटरीत.

मग पेटीच्या मागे जा. जिथे जाड काळी वायर शिरते तिथेच बाजूला एक लहानसे काळे बटण असते, एकीकडे उभी रेघ आणि एकीकडे शून्य. रेघेची बाजू दाबलेली हवी. झाडताना केरसुणीचा दांडा लागून हे बटण शून्यावर जाते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. वायरही मागे घट्ट खोचलेली आहे का ते पाहावे. ती अर्धी बाहेर आलेली असली तरी दिसायला नीटच दिसते.

हे सगळे ठीक असूनही निपचित असेल तर वायर काढून टाकावी आणि सुरू करायचे बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरावे. आत उरलीसुरली वीज असते ती त्याने उतरते. मग वायर लावून पुन्हा पाहावे. वीज सारखी जात-येत असते तेव्हा पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. एवढ्यानेही नाही झाले तर विजेचा डबा, म्हणजे ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो गेला असे समजावे. तो डबा बदलून मिळतो. त्यासाठी सगळा कॉम्प्युटर टाकावा लागत नाही. मात्र तो डबा घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसू शकतो. बाकी पेटी उघडा, पण त्या डब्याचे स्क्रू कोणी सोडवू नका, मुलांनाही सोडवू देऊ नका.

आता दुसरा प्रकार, माझा स्वतःचा. पंखा फिरतो, पडदा काळा. इथे आधी पडद्याचीच चौकशी करावी. त्याला त्याची निराळी वीज असते आणि निराळे बटण असते. त्याचा दिवा लागला आहे का? त्याच्यावर 'नो सिग्नल' असे येते का? येत असेल तर पडदा जिवंत आहे, त्याला पेटीकडून चित्र मिळत नाही. मग मधली केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. तिची बारीक टोके वाकडी झाली आहेत का तेही पाहावे.

त्यानंतर रॅम. रॅम म्हणजे वीतभराहून लहान अशी हिरवी पट्टी, तिच्या एका कडेला सोनेरी दात असतात. दमट हवेने त्या दातांवर पुट चढते, पितळेच्या समईवर चढते तसे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. मग कॉम्प्युटरला रॅम सापडत नाही आणि तो पीं पीं करतो. किती वेळा आणि किती लांब वाजले म्हणजे काय बिघडले हे ज्या त्या बनावटीचे निराळे असते, तेव्हा मोजून कागदावर लिहून ठेवावे आणि जाणत्याला सांगावे. काही नव्या बोर्डांवर आवाजाऐवजी बारीक दिवे असतात, आणि काहींत दोन्ही नसते.

मुलाने मला सांगितले ते असे. वायर काढ. सुती साडी नेसलीस ना? नायलॉनची नको, तिच्या घर्षणाने अंगात वीज येते आणि ती नाजूक भागांना मारक. पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लाव. मग बाजूचे झाकण काढ. झाकण काढले तर आत बोटभर धूळ आणि एक वाळलेले झुरळ! घराचा कोपरा न् कोपरा झाडणारी मी, आठ वर्षांत त्या पेटीत डोकावले नव्हते. मऊ कुंचल्याने धूळ काढली. पंखा फिरू नये म्हणून बोटाने धरून ठेवला. रॅमच्या दोन्ही टोकांचे चिमटे बाहेर ढकलले, पट्टी कडेने धरून उचलली. पुतण्याचा पांढरा खोडरबर घेतला आणि सोनेरी दातांवरून हळूच फिरवला, दोन्ही बाजूंनी. रबराचा चुरा कोरड्या सुती फडक्याने पुसला. पाणी नाही, ओले फडके नाही, फुंकर सुद्धा नाही. फुंकरीत थुंकी असते.

पट्टीला एक खाच असते, ती खोबणीतल्या उंचवट्यावर आली पाहिजे, उलटी बसत नाही. मी बसवली, बटण दाबले, पुन्हा पीं पीं. मुलगा म्हणाला, "आई, तू घाबरून हलके दाबतेस. दोन्हीकडे टक् असा आवाज आला पाहिजे." पुन्हा वायर काढली, पुन्हा बसवली. एकीकडे टक् झाले, दुसरीकडे नाही. तिसऱ्यांदा दोन्हीकडे झाले. बटण दाबले. एकच लहानशी शिट्टी वाजली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. माझ्या हातात अजून तो खोडरबर होता.

(दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून पाहावी म्हणजे खराब कोणती ते कळते.)

पण गंमत पुढेच आहे. अक्षरे आली ती तिसऱ्या प्रकारची, पुढे जाईना. तारीख दिसत होती १ जानेवारी २०१६. मुलगा हसायला लागला. म्हणाला, "तो दुकानात दोन दिवस विजेशिवाय पडला होता, त्याचे घड्याळ थांबले." आत बोर्डावर रुपयासारखा गोल चपटा सेल असतो. पेटी बंद असतानाही घड्याळ आणि काही नोंदी त्याच्यावर चालतात. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा. घड्याळजीकडे मिळतो, मला चाळीस रुपयांना मिळाला. वायर काढून जुना सेल बाजूच्या कळीने सोडवायचा, नवा अक्षरांची बाजू वर ठेवून बसवायचा आणि तारीख-वेळ नव्याने भरायची. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर सुरू होतो पण विजेचे बिल भरायचे पानच उघडत नाही, त्यांनी कोपऱ्यातली तारीख बघावी. तारीख मागची असली तर कॉम्प्युटर त्या पानांवर विश्वास ठेवत नाही.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक हमखास कारण म्हणजे बाहेर खोचून राहिलेला पेन ड्राइव्ह. आमच्या थोरल्या जाऊबाईंचा कॉम्प्युटर एकदा काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणून अडला. वहिनी घाबऱ्या झाल्या. मी गेले तर पुढच्या भोकात भजनांचा पेन ड्राइव्ह तसाच! कॉम्प्युटर त्या भजनांत विंडोज शोधत बसला होता. पेन ड्राइव्ह काढला, पुन्हा सुरू केला, झाले. चहा मात्र मला आल्याचा मिळाला.

चौथ्या प्रकाराबद्दल मी थोडेच सांगते, कारण तिथे माझा हात चालत नाही. विंडोज दोन-तीनदा अर्ध्यावर बंद पडली की ती आपणहून दुरुस्तीचे पान उघडते, तिला तेवढा अवकाश द्यावा. 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असे लिहून आले तर खरेच बंद करू नये, तास लागला तरी. लॅपटॉपचेही थोडक्यात: चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग चार्जर लावून पाहावे. पडदा काळा पण आवाज येत असेल तर बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका टाकावा. आत फिकट चित्र दिसले तर लॅपटॉप चालू आहे, पडद्यामागचा उजेड गेला आहे.

आता जे सांगायला मला जड जाते ते सांगते.

ह्या स्मरणिकेत २०१४ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आणि त्या वर्षीच्या आपल्या नाटकाची छायाचित्रे नाहीत. बऱ्याच जणींनी विचारले. ती माझ्याकडे होती. सगळ्यांची मागून मी आमच्या पहिल्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. २०१६ साली तो कॉम्प्युटर सुरू होताना आतून टक्-टक्, टक्-टक् असा आवाज करू लागला. मला वाटले, पुन्हा पुन्हा सुरू केला की लागेल. दिवसभरात वीस-पंचवीस वेळा केला. तो आवाज हार्ड डिस्कचा होता. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक सुई केसाइतक्याही अंतराने नव्हे, त्याहून जवळून फिरते. ती बिघडली की दर वेळी सुरू करताना ती तबकडीला खरवडू शकते. पहिल्या टक्-टक्‌लाच वायर काढून ठेवली असती तर कदाचित जाणत्याने काही काढून दिले असते. मी त्याला संध्याकाळपर्यंत सोडले नाही. त्या नाटकात काम केलेल्यांपैकी दोघी आज आपल्यात नाहीत. त्यांच्या घरच्यांची मी ह्या जागेवरून क्षमा मागते.

म्हणून दोन शब्द तुमच्या कानांत घालते. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे आतले गेले, असे नव्हे. बोर्ड गेला, विजेचा डबा गेला, तरी डिस्क बहुधा शाबूत असते आणि ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून आतले वाचता येते. तेव्हा पेटी दुकानात देताना किंवा जुनी म्हणून विकताना डिस्क आपल्याकडे ठेवा. आणि 'फॉरमॅट मारून देतो' असे कोणी म्हणाले तर आधी विचारा, माझे काढून ठेवले का? फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. नव्या काही कॉम्प्युटरांत डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असते. त्याची किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे. ते घरातल्या जाणत्या मुलाकडून काढून घेऊन कागदावर लिहून ठेवा. माझे पाककृतींच्या वहीत आहेत, अनारशांच्या पानामागे.

पुराचेही बोललेच पाहिजे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले त्यांच्यापैकी कित्येकांनी पाणी ओसरल्यावर कॉम्प्युटर उन्हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी 'चालतो का बघू' म्हणून बटण दाबले. तसे करू नये. वरून कोरडा दिसला तरी आत चिखल आणि ओल राहते, आणि वीज सोडली की जे वाचले असते तेही जळते. भिजलेली डिस्क तर मुळीच सुरू करू नये, तशीच जाणत्याच्या हाती द्यावी. पावसाळ्यापूर्वी पेटी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलेली बरी. गडगडाट सुरू झाला की वायर भिंतीतून काढावी. नुसते बटण बंद करून पुरत नाही.

विंडोज दहाचे म्हणाल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने तिच्या नेहमीच्या सुधारणा फुकट देणे थांबवले हे खरे. बँकेच्या कामाला तसा कॉम्प्युटर वापरणे धोक्याचे, तेही खरे. पण त्या तारखेला कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. आमचा चालतो आहे. बँकेचे काम मी त्यावर करत नाही, एवढेच.

त्या दिवशी तारीख भरून झाल्यावर विंडोज उघडली. मुलगा म्हणाला, "आई, आधी ओव्या दुसरीकडे उतरव, मग बाकीचे." त्या आता एका पेन ड्राइव्हवर आहेत, पुण्याला मुलाकडे आहेत आणि माझ्या नणंदेकडे आहेत. उतरवताना एक चुकून लागली. मध्येच सासूबाई थांबून म्हणतात, "अगं, दूध उतू जाईल, बघ," आणि मग माझा आवाज येतो, "बघते." हे स्वयंपाकघरातून धावत आले, कोण बोलले म्हणून.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहताहेत, म्हणून थांबते. ज्यांचा कॉम्प्युटर अडला असेल त्यांनी सोमवारी किंवा गुरुवारी चारनंतर यावे, मी घरीच असते. पेटी उचलून आणू नका. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, पडद्यावर काय येते आणि किती वेळा वाजते, एवढे कागदावर लिहून आणा. आणि येताना खोडरबर आणा, पुतण्याचा मी संपवला आहे.